साहेबी कठडा

काथ्याला आईबापांनी एक चांगलंसं नाव दिलं होतं म्हणे. ते आईच्या तोंडी होतं. ती गेली तसं तेही गेलं. आम्ही सगळे त्याला काथ्याच म्हणायचो. एक तर तो काथ्याच्या दोराने परांची बांधायचा, म्हणजे इमारत उभी राहते तेव्हा तिच्या अंगाला लागून जो बांबूंचा सांगाडा चढत जातो, तो. आणि दुसरं म्हणजे माणूस दिसायलाही तसाच होता. वाळका, तपकिरी, पीळ भरलेला. शेजारी येऊन बसला की टोचेल की काय असं वाटायचं.

मी गिलाव्याचा कारागीर. जन्मभर दुसऱ्याने बांधलेल्या परांचीवर उभं राहून भिंती गुळगुळीत केल्या. गिलाव्याच्या माणसाला बायकोपेक्षा परांचीवाल्यावर जास्त भरवसा ठेवावा लागतो. बायको रुसली तर एक वेळ उपाशी झोपता येतं. परांची रुसली तर झोपच झोप. काथ्याच्या परांचीवर मी म्हातारा झालो, यातच काय ते आलं.

आमच्या गल्लीत कोणाची खाट सैल पडली, पाळणा टांगायचा असला, कपडे वाळत घालायची दोरी तुटली, की काथ्याला हाक. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने लोखंडी कपाट घेतलं आणि ते जिन्यात शिरेना. काथ्याने ते दोराने बाहेरून वर चढवायला घेतलं. कपाट निम्म्यावर लोंबकळत होतं आणि शिंप्याची सासू नेमकी त्याच्या खाली उभी राहून वरती सूचना देत होती. लोक ओरडले, आजी बाजूला व्हा. शिंपी मात्र काथ्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दोर अगदीच पक्का आहे का रे?" दोर पक्का होता. सासू अजून आहे. शिंपी गेला.

तर सांगत काय होतो, काथ्याला एक धाकटी बहीण. आईबाप लवकर गेल्यामुळे यानेच तिला वाढवली, आणि वेण्याही यानेच घातल्या. इतक्या घट्ट घालायचा की पोरीच्या भुवया वर चढायच्या आणि ती दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी हिंडायची. पुढे तिचं लग्न झालं ते एका गवंड्याशी, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. हा गवंडी म्हणजे ओळंबा. भिंत सरळ उठतेय का हे बघायला गवंडी दोरीला वजन लावून खाली सोडतो, तो ओळंबा. सोडला की आधी तो भरपूर हेलकावे खातो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे नाव का पडलं ते सांगायला नको. संध्याकाळी घरी जाताना याला रस्ता अपुरा पडायचा.

बहिणीने पुष्कळ सोसलं. मग एके दिवशी ट्रंक उचलून काथ्याच्या खोलीत येऊन बसली. ओळंबा दाराशी आला आणि आत पाऊल न टाकता म्हणाला की पुन्हा घोट घेतला तर माझं तोंड बघू नकोस. असलं बोलणं आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी बोललेलं असतं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. पण या माणसाने पाळलं. वर्षामागून वर्षं गेली, त्याने थेंब घेतला नाही. तलफ आली की दाढेखाली लवंग धरायचा. त्याच्याजवळ उभं राहिलं की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा वास यायचा. नाव मात्र तेच राहिलं. तो म्हणायचा, असू दे, ओळंबा शेवटी स्थिर होतोच की.

आता आम्ही तिघंही ज्याच्याकडे कामाला होतो त्या ठेकेदाराकडे येतो. हा राहत्या घरांच्या इमारती बांधायचा आणि एका वेळी तीन-तीन कामं चालू ठेवायचा. नियम असा की स्लॅब पडला की जिथे जिथे उघडी कड असेल, बाल्कनीची, जिन्याची, लिफ्टच्या खड्ड्याची, तिथे कठडा हवा, खाली जाळी हवी, माणसाच्या डोक्यावर हेल्मेट हवं. नसेल तर दंड, आणि पुन्हा सापडलं तर काम बंद. ठेकेदाराला दंडाचं फारसं वाटत नसे, काम बंद होण्याचं वाटे. पण कठडा असला की विटांची, वाळूची ढकलगाडी सामान वर चढवणाऱ्या बाहेरच्या पाळण्यातून आत घेता येत नाही, प्रत्येक खेप अडते. तेव्हा त्याने तोडगा काढला. तिन्ही इमारतींत मिळून कठड्यांचं आणि जाळ्यांचं सामान एकच. तपासणीचे साहेब कोणत्या इमारतीवर येणार ते आदल्या दिवशी कळायचंच. कसं ते मला विचारू नका, पण कळायचं. मग टेम्पो सामान घेऊन तिकडे पळायचा आणि काथ्या सकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कठडे बांधून ठेवायचा. मुलगी बघायला येणार म्हणून घर सजवावं तशी इमारत सजायची. साहेबांची गाडी वळणाआड गेली की सगळं उतरवून टेम्पोत.

हेल्मेटं वाटली जायची तीही त्याच दिवशी. एरवी त्यांत खिळे ठेवलेले असत. एकदा साहेबांनी एका म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं, आजोबा, हे डोक्यावर कशासाठी घालतात? आजोबा म्हणाले, तुम्ही आल्यावर घालतात. साहेबसुद्धा हसले.

हे सगळं भराभर उतरवायचं तर गाठही तशीच हवी. काथ्या जन्मभर निरगाठ मारणारा माणूस. त्याची गाठ सोडवायची नसतेच, कापायची असते. ठेकेदाराच्या मुकादमाने त्याच्या मागे धोशा लावला की गाठी कापण्यात वेळ जातो, दोर वाया जातो. शेवटी काथ्याने आडव्या बांबूंना सुरगाठ मारायला सुरुवात केली. दिसायला अगदी भरभक्कम, वर दोन वेढे जास्तच, पण टोक ओढलं की कठडा हातात. त्याला आम्ही साहेबी कठडा म्हणायचो. आमच्यात त्याचं हसूच होतं. साहेब मजल्यावर आले की काथ्या कोपऱ्यावरच्या उभ्या बांबूपाशी अदबीने उभा राहायचा, एक हात मागे. साहेब कठडा धरून हलवून बघायचे. कठडा हलायचा नाही, कारण मागच्या हातात काथ्याने गाठ आवळून धरलेली असायची. साहेब पुढच्या कडेला, की हाही पुढच्या कोपऱ्यावर. दुरून वाटावं, केवढा मान देतोय माणूस.

यात कोणाला काही धोका वाटायचा नाही. खरं सांगतो, नव्हताही. उघड्या कडेच्या जवळ आमच्यातला कोणी जात नसे. पाय आपोआप थांबायचे. कठडा नसलेल्या घरात आयुष्य काढल्यावर माणसाला कड पाठीनेही दिसते.

त्या दिवशी साहेब सकाळी येऊन गेले. सगळं ठीक म्हणून लिहून गेले. आणि टेम्पो बिघडला. मुकादम म्हणाला, टेम्पो येईपर्यंत राहू दे बांधलेलं, खाली काढून ठेवलं तर रस्त्यावरून जाणारे उचलून नेतील. म्हणून जाळ्या तेवढ्या गुंडाळून मुकादमाच्या खोलीत गेल्या आणि कठडे दुपारपर्यंत तसेच राहिले. काथ्या फाटकापाशी टेम्पोची वाट बघत उभा.

दुपारी ओळंब्याने आणि मी पाचव्या मजल्यावर शेजारी बसून डबे खाल्ले. तो खुशीत होता. म्हणाला, बघ, आज कसं घरात बसल्यासारखं वाटतंय, खिडकीला गज लावल्यासारखं. मी जेवण उरकून आतल्या खोलीत थापी घेऊन वळलो, भिंतीकडे तोंड. तो म्हणाला, जरा वारा खातो. मग काही मोठा आवाजही झाला नाही. बांबू पडल्याचा झाला तेवढाच. मी बाहेर आलो तर बाल्कनी रिकामी.

पाठ टेकली असणार. दुसरं काय. कठडा दिसला आणि माणसाने पाठ टेकली, जशी तुम्ही आम्ही कुठेही टेकतो. काथ्या धावत वर आला तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्याने खाली पाहिलंच नाही. त्याने कोपऱ्यावरचा बांबू पाहिला. दोर तुटला नव्हता, सुटून सरळ लोंबत होता. काथ्याने तो हातात घेतला आणि तिथेच खाली बसला.

संध्याकाळच्या आत मुकादमाने सगळे कठडे उतरवले. हॉस्पिटलात ओळंबा रात्र काढू शकला नाही.

आता अडचण अशी की साहेबांनी सकाळीच लिहिलं होतं, कठडे सर्वत्र आहेत आणि मजबूत आहेत. मग मजबूत कठड्यावरून माणूस पडतो कसा? कोणाला तरी त्याचं नाव आठवलं. मुकादमाने सांगितलं की याला ओळंबा का म्हणतात ते अख्ख्या गावाला विचारा. झालं. चौकशीत लिहिलं गेलं की कामगार नशेत असावा आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता. पट्ट्याबद्दल ठेकेदाराला दंड झाला. तो त्याने भरला आणि फाटकावर मोठी पाटी लावली, पट्टा लावा म्हणून. मी सांगायला गेलो होतो की तो माझ्याबरोबर जेवला, प्यायलेला नव्हता. मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का?

काथ्या मुकादमाकडे गेला. मुकादमाने त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो. "तोंड उघडलंस तर कठडा कोणी बांधला हे पहिलं विचारतील. तुझ्या बहिणीचा नवरा तुझ्या गाठीने गेला, हे तिला तू सांगणार की मी सांगू?"

काथ्या तसाच परत फिरला. आणि तिकडे बहिणीला हॉस्पिटलातून नवऱ्याचे कपडे मिळाले. सदऱ्याच्या खिशात लवंगांची पुडी. ही पुडी तिने हजारदा पाहिली असेल, दुकानातून आणायचीसुद्धा तीच. पण आता ती पुडी हातात घेऊन ती बसून राहिली. लवंग दारूची तलफ मारायला खातात, तशी दारूचा वास मारायलाही खातात.

ती रडत नव्हती, हेच काथ्याला सहन होईना. माणूस गेल्याचं रडून होतं. हिला रडायच्या आधी एक गोष्ट ठरवायची होती: इतकी वर्षं तो खरं वागला की मला फसवत होता? शेजारच्या बाया समजूत काढायच्या, जाऊ दे बाई, पुरुषांचं असंच असतं. त्यांचं ते बोलणं म्हणजे निकालच.

काथ्या मला म्हणाला, चौकशीतला तेवढा शब्द काढून टाकला की तिला कळेल. मग बाकीचं सांगायची वेळच येणार नाही. मी म्हटलं, चल. आम्ही दोघं तपासणीच्या कचेरीत गेलो. गिलावा पडलेल्या भिंती, त्यांवर सुरक्षेची रंगीत चित्रं. चित्रातले कामगार सगळे गोरेगोमटे आणि हसतमुख. असल्या भिंती घेऊन हे लोक दुसऱ्यांच्या इमारती तपासतात म्हणून मला हसू आलं, पण काथ्याचं तोंड बघून गिळलं.

साहेब चांगला माणूस होता. उठून खुर्ची दिली. काथ्याने सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. साहेब म्हणाले, "कठडा मी स्वतः हलवून पाहिला होता. तुम्ही शेजारीच उभे होतात."

"उभा होतो. गाठ मुठीत धरून उभा होतो."

साहेबांनी मान खाली घातली. हे लिहायचं तर सकाळची सही खोटी ठरते, वरच्या साहेबांनी तिच्यावर केलेली सहीही खोटी ठरते, आणि दंड भरून प्रकरण तर बंद झालेलं, असं काहीसं ते पुटपुटले. काथ्या म्हणाला, मला आत टाका, माझ्यावर दंड लावा, पण तो शब्द खोडा. तेव्हा साहेबांनी मान वर केली. त्यांचा आवाज दुष्ट नव्हता, मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "समजा कठडा कच्चा होता, लिहिलं. त्याने तो माणूस प्यायला नव्हता हे कसं सिद्ध होतं? कठडा कच्चा असेल आणि माणूसही प्यालेला असेल. दोन्ही असू शकतं."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर काथ्या म्हणाला, आता तिलाच सांगतो. एकट्याने जाववेना म्हणून मला बरोबर घेतलं.

बहीण भात निवडत बसली होती, म्हणजे तांदूळ. मलाही ओसरीवर बसायला पाट दिला. काथ्याने खाली मान घालून सांगितलं. सुरगाठ, टेम्पो, सुटून लोंबणारा दोर, सगळं. माझ्यामुळे गेला, म्हणाला. तो प्यायला नव्हता, त्याने फक्त पाठ टेकली. मी मान डोलावत होतो. मला वाटलं होतं ती ताट फेकून मारेल, निदान किंचाळेल. तिला किंचाळताना ऐकायची माझी मनापासून तयारी होती. त्या किंचाळण्यात तिचा नवरा तिला परत मिळाला असता.

ती हसली. बारीक, दमलेलं हसू. म्हणाली, "दादा, तुझी गाठ सुटते होय रे?"

काथ्याने खिशातून दोर काढला. खिडकीच्या गजाला सुरगाठ मारून दाखवली, ओढून सोडून दाखवली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. ती बघत होती, पण गाठीकडे नाही, त्याच्या हातांकडे. मग ताट बाजूला सरकवून त्याच्याजवळ आली आणि त्याचे हात धरून थांबवले.

"खरं सांग. शेवटी शेवटी त्याने पुन्हा सुरू केली होती ना? तुला माहीत होतं. मला कळू नये म्हणून तू हे अंगावर घेतोयस."

काथ्या नाही म्हणाला. पुन्हा म्हणाला. मीही म्हणालो, पोरी, तो खरं बोलतोय. तिने माझ्याकडेही तशाच मायेने पाहिलं. आमच्या प्रत्येक 'नाही'ने तिची खात्री वाढत होती. इतकी मोठी गोष्ट भाऊ उगीच कशाला रचेल? त्याने रचली, म्हणजे लपवण्यासारखंही तेवढंच मोठं असणार. असा हिशेब तिने मांडला आणि तो आमच्या डोळ्यांदेखत पक्का झाला. त्यानंतर ती रडली. पण ते नवऱ्यासाठी नव्हतं.

मुकादमाकडे काथ्या पुन्हा कामावर गेला, निरगाठी मारायला लागला, साहेब जाऊन तास उलटला तरी कठडे सुटेनात. तेव्हा मुकादमाने कोयत्याने दोर तोडले आणि याला घरी पाठवलं. आता ते काम दुसरा एक जण करतो. चपळ आहे म्हणतात. काथ्या भाजीबाजारात ताडपत्र्या बांधतो.

बहीण सगळ्यांना सांगते, भाऊ असावा तर असा, माझ्या नवऱ्याची अब्रू झाकायला खुनाचा आळ घ्यायला निघाला होता. पाणी भरताना सांगते, दुकानात सांगते. काथ्या समोर असला तरी सांगते आणि तो पायांकडे बघत उभा राहतो. नवऱ्याचा फोटो मात्र तिने मोठा करून आणलाच नाही. विषय निघाला की म्हणते, झालं ते झालं.

दर रविवारी ती काथ्याला जेवायला बोलावते. जावंच लागतं, नाही गेला तर निरोप येतो, स्वतः येते. परवा मलाही बोलावलं होतं. जेवण झाल्यावर तिने ट्रंक उघडली, ओळंब्याचे सदरे काढले, धुऊन इस्त्री केलेले, आणि काथ्याच्या मांडीवर ठेवले. म्हणाली, पडून कुजण्यापेक्षा तू घाल, तुझे किती विटलेत बघ. काथ्या नको म्हणाला. ती ऐकेना. शेवटी तिथेच एक अंगावर चढवायला लावला. खांद्यात ढगळ झाला, बाह्या बोटांपर्यंत आल्या. तिने त्या दोन्ही बाजूंनी नीट दुमडून कोपरापर्यंत आणल्या, मागे सरून बघितलं, आणि म्हणाली की छान दिसतो.

तो सदरा घालूनच आम्ही घरी आलो. वाटेत मी त्याला शिंप्याच्या सासूचं सांगून हसवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." मग तो रस्त्याच्या कडेला थांबून राहिला. मी वळणापर्यंत जाऊन मागे पाहिलं, तर तो अजून तिथेच होता, सदऱ्याला हात लागू नये म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून.